लहान मुलांच्या अंगावरची चरबीची गाठ : लायपोब्लास्टोमा म्हणजे काय आणि काय करावे?

तान्ह्या बाळाच्या अंगावरची गाठ बहुतेक वेळा डॉक्टरांच्या आधी घरातच सापडते. बाळाला तेल लावताना आजीच्या किंवा अंघोळ घालणाऱ्या मावशींच्या हाताला काखेत, पाठीवर, मांडीवर काहीतरी मऊ, फुगीर लागते. दुखत नाही, तापही नाही, बाळ दूध पिते, हसते, खेळते. मग घरात दोन मते पडतात. कोणी म्हणते, "चरबीची गाठ आहे, मोठा झाला की जाईल." कोणाच्या मनात लगेच कॅन्सरची भीती उभी राहते.

लहान मुलांमधील बहुतेक गाठी साध्या असतात. पण चरबीच्या गाठींमध्ये एक दुर्मीळ प्रकार असा आहे, की जो कर्करोग नसूनही भराभर वाढतो आणि ज्याला वेळेवर ऑपरेशन लागते. त्याचे नाव लायपोब्लास्टोमा. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, शिरोळ या भागातील पालकांना उपयोगी पडेल अशा तऱ्हेने या गाठीची माहिती येथे दिली आहे. माहिती अर्थातच कुठल्याही गावच्या पालकांसाठी आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• लायपोब्लास्टोमा ही अपक्व चरबीच्या पेशींपासून होणारी, कर्करोग नसलेली गाठ आहे.
• सुमारे ९० टक्के मुलांमध्ये ती वयाच्या ३ वर्षांच्या आत लक्षात येते. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये प्रमाण जास्त आहे.
• ती शरीरात इतरत्र पसरत नाही, पण जागच्या जागी वाढून शेजारच्या नसा, रक्तवाहिन्या, श्वासनलिका किंवा आतड्यांवर दाब आणू शकते.
• उपचार म्हणजे ऑपरेशन करून पूर्ण गाठ काढणे. केमोथेरपी किंवा रेडिएशन लागत नाही.
• काढल्यानंतरही काही मुलांमध्ये ती पुन्हा होते, म्हणून काही वर्षे नियमित तपासणी आवश्यक असते.

ही नेमकी कसली गाठ?

आपल्या शरीरातील चरबी गर्भात असतानाच तयार होऊ लागते. गर्भारपणाच्या साधारण १४ ते १६ व्या आठवड्यापासून गर्भात चरबीच्या पेशी दिसू लागतात. सुरुवातीला या पेशी कच्च्या असतात. त्यांना लायपोब्लास्ट म्हणतात. हळूहळू त्यांच्यात स्निग्ध पदार्थ साठतो आणि त्या पक्क्या चरबीच्या पेशी होतात. पक्की पेशी सहसा वाढून गाठ करत नाही.

लायपोब्लास्टोमामध्ये शरीराच्या एखाद्या भागातील कच्च्या पेशी जन्मानंतरही वाढतच राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचे लहान लहान कप्पे दिसतात. कप्प्यांच्या मधून तंतूंचे पडदे गेलेले असतात, आणि आत कच्च्या-पक्क्या चरबीच्या पेशी, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे व बुळबुळीत द्रव्य असते. बाळ जितके लहान, तितका हा बुळबुळीत भाग जास्त असतो. मूल मोठे होते तशी गाठीतील चरबी पक्व होत जाते.

वैद्यकीय साहित्यात 'लायपोब्लास्टोमा' हा शब्द १९२६ मध्ये जॅफे यांनी वापरला. १९५८ मध्ये व्हेलिओस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पसरट प्रकार वर्णन केला. पुढे १९७३ मध्ये चुंग आणि एन्झिंगर यांनी ३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या गाठीचे दोन प्रकार स्पष्ट केले. ही विभागणी आजही डॉक्टरांना उपयोगी पडते.

दोन प्रकार

१) आवरण असलेली गाठ : हिच्याभोवती पातळ पिशवीसारखे आवरण असते. बहुधा त्वचेखाली वरच्या थरात असते. हाताला गोलसर, मऊ आणि थोडी हलणारी लागते. ऑपरेशनमध्ये ती पूर्ण काढणे तुलनेने सोपे असते. बहुतेक मुलांमध्ये हाच प्रकार आढळतो.

२) पसरट गाठ : हिला लायपोब्लास्टोमॅटोसिस म्हणतात. हिला नीट कडा नसते. ती स्नायूंच्या आत, नसा आणि रक्तवाहिन्यांच्या भोवती शिरलेली असते. पूर्ण काढणे अवघड जाते आणि म्हणून पुन्हा होण्याची शक्यताही या प्रकारात जास्त असते.

दोन्ही प्रकार कर्करोग नाहीत. फरक पडतो तो ऑपरेशन किती अवघड आहे आणि नंतर किती लक्ष ठेवावे लागेल यात.

का होते?

या गाठीच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये गाठीच्या पेशींत ८ व्या गुणसूत्रावर बदल सापडतो. तेथे प्लॅग-१ नावाचे जनुक असते. गर्भातल्या वाढीच्या काळात हे जनुक जोमाने काम करते आणि जन्मानंतर जवळजवळ शांत होते. गुणसूत्राचा तुकडा तुटून चुकीच्या ठिकाणी जोडला गेला, की हे जनुक पुन्हा चालू होते आणि कच्च्या चरबीच्या पेशींना वाढत राहण्याचा आदेश मिळत राहतो. २००० सालाच्या सुमारास हा शोध लागला. आज निदान पक्के करण्यासाठी त्याचा वापर होतो.

हा बदल फक्त गाठीच्या पेशींमध्ये घडलेला असतो. तो सहसा आई-वडिलांकडून आलेला नसतो, आणि म्हणून पुढच्या बाळाला तीच गाठ होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

आमच्याकडे येणाऱ्या आयांना घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी दोष दिलेला असतो. म्हणून हे स्पष्ट लिहायला हवे. गरोदरपणात आईने तूप, पेढे किंवा बासुंदी खाल्ली म्हणून ही गाठ होत नाही. ग्रहण पाळले नाही म्हणून होत नाही. बाळाला जास्त तेल चोळल्याने, दूध जास्त पाजल्याने किंवा बाळ पडल्यामुळे होत नाही. बाळाच्या वजनाशीही तिचा संबंध नाही. बारीक बाळालाही होते. पडल्यानंतर गाठ 'आली' असे वाटते, कारण त्या निमित्ताने घरचे ती जागा पहिल्यांदा नीट चाचपून पाहतात.

कुठे होते, कशी दिसते?

हात-पाय, काख, जांघ, पाठ, पोट व छातीची भिंत या जागी ही गाठ जास्त दिसते. मान, चेहरा, छातीच्या आत, पोटाच्या मागच्या भागात, आतड्यांच्या पडद्यात आणि क्वचित वृषणाच्या पिशवीतही ती होऊ शकते.

नेहमीचे चित्र असे असते :

• मऊ, न दुखणारी गाठ
• वरच्या त्वचेचा रंग नेहमीसारखा
• काही आठवड्यांत किंवा महिन्यांत स्पष्ट दिसण्याइतकी वाढ
• बाळाची बाकी तब्येत चांगली

आत दडलेल्या गाठीची लक्षणे जागेनुसार बदलतात. मानेत किंवा छातीत असेल तर श्वासाला घरघर, वारंवार खोकला, दूध पिताना दम लागणे. पोटात असेल तर पोट एका बाजूने फुगणे, उलट्या, बद्धकोष्ठ, भूक कमी होणे. पोटातली गाठ लक्षात येईपर्यंत १० सेंटिमीटरपेक्षा मोठी झालेली असू शकते, कारण बाळाचे पोट सुटलेलेच असते आणि 'गुटगुटीत आहे' म्हणून सगळे कौतुक करत राहतात. पाठीच्या कण्याजवळ असेल तर पायातली ताकद कमी होणे, चालायला उशीर होणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा बिघडणे अशी लक्षणे येऊ शकतात.

प्रत्येक गाठ लायपोब्लास्टोमा नसते

अंगावर गाठ दिसली की आधी नेहमीची कारणे पाहिली जातात. ती अशी :

• बीसीजीची गाठ : बीसीजीची लस डाव्या दंडावर देतात. त्यानंतर काही आठवड्यांनी ते महिन्यांनी डाव्या काखेत किंवा डाव्या हसळीजवळ छोटी गाठ येऊ शकते. ती लसिका ग्रंथीची सूज असते आणि बहुधा आपोआप ओसरते.
• लसीच्या सुईची गाठ : दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी मांडीत देतात. तेथे वाटाण्याएवढी टणक गाठ काही आठवडे राहू शकते. ती वाढत नाही, हळूहळू लहान होते.
• अवधाण : पायाला किंवा हाताला जखम, करट, खरूज असेल तर जांघेत किंवा काखेत ग्रंथी सुजते. ती दुखते आणि जखम बरी झाली की कमी होते.
• अंतर्गळ म्हणजे हर्निया : जांघेत किंवा बेंबीजवळ, बाळ रडले की फुगते आणि शांत झाले की आत जाते.
• रक्तवाहिन्यांची गाठ : त्वचेवर लालसर किंवा निळसर झाक असते.
• लसिका द्रवाची पिशवी : बहुधा मानेत किंवा काखेत. टॉर्च लावला तर आतून उजेड दिसतो.
• मानेच्या स्नायूतली गाठ : जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी दिसते आणि बाळ मान एका बाजूला वाकडी ठेवते.
• कमरेच्या मध्यभागी असलेली चरबीची गाठ : हिला वेगळे महत्त्व आहे. तेथे केसांचा पुंजका, खळगा किंवा डाग असेल तर ती गाठ आत मज्जारज्जूपर्यंत गेलेली असू शकते. अशी गाठ साधी चरबी समजून कोणीही परस्पर कापू नये. आधी एमआरआय करावा.
• साधी चरबीची गाठ म्हणजे लायपोमा : मोठ्या माणसांमध्ये अगदी नेहमीची, पण तान्ह्या बाळांमध्ये फारशी आढळत नाही. ती सावकाश वाढते.

म्हणून मोठ्या माणसाच्या दंडावरचे आवाळू वीस वर्षे तसेच आहे, या अनुभवावरून दहा महिन्यांच्या बाळाच्या गाठीचा अंदाज बांधू नये. वय वेगळे, तशी गाठीची जातही वेगळी.

हा कर्करोग आहे का?

नाही. लायपोब्लास्टोमा फुप्फुसात, यकृतात किंवा हाडांत पसरत नाही. चरबीच्या पेशींचा कर्करोग असतो, त्याला लायपोसार्कोमा म्हणतात. पण तो प्रामुख्याने मोठ्या माणसांचा आजार आहे. १० वर्षांखालील मुलांमध्ये तो अत्यंत दुर्मीळ आहे.

अडचण अशी, की स्कॅनमध्ये आणि कधी कधी सूक्ष्मदर्शकाखालीही या दोन गाठी एकमेकींसारख्या दिसू शकतात. विशेषतः तान्ह्या बाळाच्या गाठीत बुळबुळीत भाग जास्त असल्याने घोटाळा होऊ शकतो. येथे दोन्ही बाजूंनी नुकसान संभवते. साधी गाठ म्हणून सोडून दिली तर ती वाढत जाते. उलट, कर्करोग समजून गरज नसताना मोठे, अवयवाला इजा करणारे ऑपरेशन किंवा केमोथेरपी झाली तर मुलाचे आयुष्यभराचे नुकसान होते. त्यामुळे तीन वर्षांखालील मुलाच्या रिपोर्टवर 'लायपोसार्कोमा' असा शब्द आला, तर उपचार सुरू करण्यापूर्वी मुलांच्या गाठींचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टचे दुसरे मत अवश्य घ्यावे. त्यासाठी बाळाला पुन्हा सुई टोचावी लागेलच असे नाही. प्रयोगशाळेत जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घेता येतात आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात तपासायला देता येतात.

तपासण्या कोणत्या?

हाताने तपासणी : गाठ कधीपासून आहे, किती वाढली, मऊ आहे की टणक, हलते की घट्ट चिकटलेली आहे, हे डॉक्टर पाहतात. यासाठी पालकांनी केलेली नोंद फार कामाची असते. गाठ दिसली त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी. दर पंधरा दिवसांनी शेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो काढावा. रोज दाबून पाहू नये.

सोनोग्राफी : पहिली तपासणी बहुधा हीच असते. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो, बाळाला भूल द्यावी लागत नाही आणि गाठ घन आहे की पाण्याची, हे लगेच कळते.

एमआरआय : गाठ खोल असेल, मोठी असेल किंवा नसांच्या जवळ असेल तर एमआरआय करतात. गाठीत चरबी किती, ती कुठवर गेली आहे, कोणत्या रक्तवाहिनीला लागून आहे, हे त्यात दिसते. लहान मूल स्थिर राहत नाही, म्हणून त्याला झोपेचे औषध किंवा भूल द्यावी लागते. छाती किंवा पोटातील गाठीसाठी कधी सीटी स्कॅन लागतो.

बायोप्सी : वरवरची, लहान आणि सहज निघेल अशी गाठ असेल तर आधी तुकडा न घेता पूर्ण गाठच काढून तपासायला पाठवतात. गाठ मोठी, खोल किंवा शंकास्पद असेल तर आधी जाड सुईने तुकडा घेतात. बारीक सुईने घेतलेल्या नमुन्यात पुरेशा पेशी येतातच असे नाही. त्यामुळे तेवढ्यावरून पक्के निदान होत नाही.

जनुकीय तपासणी : निदानात शंका राहिली तर गाठीच्या नमुन्यावरच प्लॅग-१ जनुकाची तपासणी करता येते. ती प्रत्येकाला लागत नाही.

'सुई लावली की गाठ पसरते' हा समज पुष्कळ घरांत आहे. लायपोब्लास्टोमा मुळात पसरणारी गाठच नाही. योग्य जागी, योग्य डॉक्टरांनी केलेल्या बायोप्सीने तिचा कर्करोग होत नाही.

उपचार

ऑपरेशन करून पूर्ण गाठ काढणे हाच मुख्य उपचार आहे. कर्करोग नसतानाही ऑपरेशन का, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. त्याची तीन कारणे आहेत. पहिले, ही गाठ वाढते, आणि मोठी झाल्यावर काढणे अवघड होते. दुसरे, ती शेजारच्या अवयवांवर दाब आणते. तिसरे, पूर्ण गाठ तपासल्याशिवाय निदानाची खात्री होत नाही.

मात्र ऑपरेशनला मर्यादाही आहे. गाठ एखाद्या महत्त्वाच्या नसेला किंवा रक्तवाहिनीला वेढून बसली असेल, तर ती नस कापून गाठ काढणे योग्य नाही. हाताची किंवा पायाची ताकद कायमची घालवण्यापेक्षा थोडी गाठ मागे ठेवून लक्ष ठेवणे बरे. उरलेला भाग कधी कधी पक्व होऊन साध्या चरबीसारखा शांत बसतो. वाढलाच तर पुन्हा ऑपरेशन करता येते. त्यामुळे ऑपरेशननंतर डॉक्टरांनी "थोडा भाग ठेवला आहे" असे सांगितले, तर काम अर्धवट झाले असा अर्थ काढू नये. तो का ठेवला, हे मात्र नीट विचारून घ्यावे.

मग काहीच न करता थांबले तर? काही गाठी वयानुसार पक्व झाल्याची उदाहरणे आहेत. पण कोणती गाठ थांबेल आणि कोणती वाढेल, हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे 'थांबून पाहू' हा निर्णय निदान झाल्यावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावा.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर

भूल देण्याआधी पोट रिकामे असणे बाळाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असते. साधारण नियम असा : अंगावरचे दूध ४ तास आधी, वरचे किंवा पावडरचे दूध आणि खाणे ६ तास आधी, साधे पाणी २ तास आधी बंद. भूलतज्ज्ञ सांगतील ती वेळ अंतिम. बाळ रडते म्हणून आजीने लपवून दोन चमचे दूध पाजले, तर ते भूल देताना फुप्फुसात जाऊ शकते. चुकून दिले गेलेच, तर न घाबरता डॉक्टरांना सांगावे. ऑपरेशन पुढे ढकलले जाईल, एवढेच.

सर्दी, खोकला, ताप असेल तर तेही आधी सांगावे. वरवरची गाठ असेल तर मूल थोड्याच दिवसांत घरी येते. पोटातली किंवा छातीतली असेल तर मुक्काम वाढतो. घरी आल्यावर टाक्यांची जागा कोरडी ठेवावी. तेल, हळद, राख, पावडर काही लावू नये. मालीश केव्हा सुरू करायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. जखम लाल होणे, पू येणे, ताप येणे किंवा जखमेखाली पाणी साठून फुगणे दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

गाठीचा तपासणी अहवाल, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, हा ऑपरेशनइतकाच महत्त्वाचा आहे. काढलेली गाठ घरच्यांना दाखवून टाकून दिली, असे होऊ देऊ नये. ती तपासायला गेली का, रिपोर्ट कधी मिळेल, हे विचारावे आणि रिपोर्ट स्वतः जाऊन आणावा.

पुन्हा होते का?

होऊ शकते. वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा होण्याचे प्रमाण साधारण ९ ते २५ टक्के इतके दिले आहे. आवरण असलेली गाठ पूर्ण निघाली तर धोका बराच कमी असतो. पसरट प्रकारात आणि गाठीचा भाग मागे राहिल्यास तो वाढतो. पुन्हा झालेली गाठही कर्करोग नसते, आणि तिचाही उपचार ऑपरेशनच असतो.

बहुतेक वेळा ती पहिल्या काही वर्षांत परत दिसते. क्वचित उशिरानेही येते. म्हणून मूल ठणठणीत दिसत असले तरी किमान ५ वर्षे तपासणी चालू ठेवावी, असा सल्ला दिला जातो. सुरुवातीला दर काही महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. वरवरच्या गाठीसाठी हाताने तपासणी आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी पुरते. खोल गाठीसाठी एमआरआय लागू शकतो.

शिरोळ तालुक्यातल्या पालकांसाठी यात एक खास अडचण आहे. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात. पावसाळ्यात पाणी चढले की रस्ते बंद होतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात अनेक घरांतले कागदपत्र भिजून गेले. त्यामुळे बाळाचे रिपोर्ट, एमआरआयची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत वर ठेवावे. प्रत्येक कागदाचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावा. तपासणीची तारीख शक्यतो जूनच्या आधी किंवा दसऱ्याच्या सुमारास मागून घ्यावी. पुरामुळे तारीख चुकली तर ती सोडून न देता पाणी उतरल्यावर लगेच जावे.

घरगुती उपाय : काय करू नये

• गाठीवर बिब्बा, चुना किंवा लेप लावू नये. बिब्ब्याने कोवळी त्वचा भाजते आणि जखमेमुळे पुढे ऑपरेशन लांबते.
• डागणी देऊ नये.
• गाठ जोराने चोळून 'विरघळवण्याचा' प्रयत्न करू नये. चरबीची गाठ चोळून विरघळत नाही.
• नाणे किंवा दोरा घट्ट बांधू नये.
• गळू समजून सुई टोचू नये किंवा फोडू नये.

वाडीला दर्शनाला, नवस बोलायला लांबून कुटुंबे येतात. श्रद्धेला कोणाचीच हरकत नाही. फक्त दर्शन आणि दवाखाना ही दोन्ही कामे बरोबरीने व्हावीत. 'पुढच्या पौर्णिमेपर्यंत वाट पाहू' असे करत बाळाची पाच-सहा महिन्यांची वाढ निघून जाते, आणि तेवढ्या काळात गाठही वाढलेली असते.

कुठे दाखवावे?

पहिली पायरी म्हणजे गावातील आशाताई, अंगणवाडी किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासते. पथक येईल त्या दिवशी बाळाला अंगणवाडीत जरूर न्यावे आणि गाठ स्वतःहून दाखवावी. कपड्याखालची गाठ सांगितल्याशिवाय दिसत नाही. या कार्यक्रमातून पुढच्या रुग्णालयासाठी संदर्भ चिठ्ठी मिळते.

पुढच्या तपासणीसाठी कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हे सरकारी पर्याय आहेत. वाडीकरांना कोल्हापूरपेक्षा मिरज जवळ पडते. तेथे बालरोग आणि शल्यचिकित्सा विभागात दाखवावे. लहान मुलांचे ऑपरेशन शक्यतो बालशल्यचिकित्सकांकडून व्हावे. गाठ खोल किंवा गुंतागुंतीची असेल तर पुण्या-मुंबईला पाठवले जाऊ शकते. मुंबईत परळला लहान मुलांसाठीचे वाडिया रुग्णालय आहे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. आपल्या बाळाचा उपचार योजनेत बसतो का, कोणती कागदपत्रे लागतील, हे त्यांच्याकडून ऑपरेशनच्या आधीच खात्री करून घ्यावे. रेशनकार्ड, बाळाचा जन्मदाखला आणि आई-वडिलांची आधारकार्डे बरोबर ठेवावीत.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१) गाठ वरच्या थरात आहे की खोल? नसा किंवा रक्तवाहिन्या जवळ आहेत का?
२) आधी बायोप्सी लागेल, की थेट पूर्ण गाठ काढणार?
३) गाठ पूर्ण निघेल असे वाटते का? न निघाल्यास पुढे काय?
४) काढलेली गाठ कोणत्या प्रयोगशाळेत जाईल आणि रिपोर्ट कधी मिळेल?
५) पुढची तपासणी केव्हा आणि किती वर्षे?

हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांचा अपमान नव्हे.

पालक नेहमी विचारतात

बाळाच्या खाण्यात तूप-लोणी बंद करावे का?
नाही. आहाराने ही गाठ कमी-जास्त होत नाही. वयानुसार सगळे खाऊ घालावे.

अंगावर पाजणे चालू ठेवावे का?
होय. ऑपरेशनच्या आधीचे ठरावीक तास सोडून कधीच बंद करू नये.

लसीकरण थांबवावे का?
नाही. गाठ असलेल्या जागी सुई देऊ नये म्हणून नर्सताईंना गाठ दाखवावी. ऑपरेशनच्या तारखेजवळ लस येत असेल तर डॉक्टरांना विचारून दिवस ठरवावा.

मुलगा पुढे व्यवस्थित वाढेल का?
वेळेवर आणि नीट गाठ निघालेली बहुतेक मुले अगदी सामान्य आयुष्य जगतात. शाळा, खेळ, पोहणे कशालाही बंधन राहत नाही. राहतो तो ऑपरेशनचा व्रण.

गोळ्या-औषधांनी विरघळेल का?
अशी औषधे उपलब्ध नाहीत. तसा दावा कोणी केला तर त्यात वेळ घालवू नये.

ताबडतोब दवाखान्यात जावे, जर…

• श्वास घेताना घरघर होत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील
• गाठ काही दिवसांत किंवा आठवड्यांत स्पष्ट वाढत असेल
• गाठ टणक असेल, खालच्या भागाला घट्ट चिकटली असेल किंवा ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल
• हात किंवा पाय कमी हलत असेल, लघवी-शौचाच्या सवयीत अचानक बदल झाला असेल
• पोट फुगून सतत उलट्या होत असतील
• जांघेतली गाठ अचानक टणक होऊन बाळ खूप रडत असेल (हा अडकलेला अंतर्गळ असू शकतो)
• ताप, वजन घटणे किंवा गाठीवर जखम असेल

श्वासाचा त्रास असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बाकी गाठींसाठी एक सोपा नियम लक्षात ठेवावा. तीन वर्षांखालील मुलाची कोणतीही गाठ दोन ते तीन आठवड्यांत कमी झाली नाही, किंवा त्याआधीच वाढताना दिसली, तर ती डॉक्टरांना दाखवून निदान एक सोनोग्राफी करून घ्यावी. बहुतेक वेळा तुम्ही निश्चिंत होऊन घरी परताल. आणि गाठ लायपोब्लास्टोमाच निघाली, तर ती लहान असतानाच सापडली, हा बाळाचा फायदाच आहे.

सूचना : हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या बाळाच्या गाठीचे निदान आणि उपचार प्रत्यक्ष तपासणी केलेल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावेत.